कुरडयांचा खटला

"पण सोडला आणि पळून गेला तर?"

न्यायाधीश तेलवणे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर चिंचेखाली गफूरशा फकीर आपल्या कफनीला ठिगळ लावत बसला होता. त्याने दाताने दोरा तोडला.

तेलवणेसाहेब तालुक्याच्या कोर्टात फौजदारी खटले चालवत. रविवारची सुट्टी साधून ते गावाबाहेरच्या या तकियावर, फकिराच्या मठीवर, सल्ला मागायला आले होते. म्हणजे, तसं ते म्हणत होते. खरी हवी होती शाबासकी. मोठी माणसं शाबासकी मागायला लाजतात, म्हणून सल्ला मागतात.

"कोण आहे हा?" फकिराने विचारलं.

"हणमंत काळोखे. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. ग्रामपंचायतीची पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हा हा वरातीहून येताना विहिरीजवळच्या कट्ट्यावर झोपला होता. पोलिसांना तिथेच सापडला."

"आणि मोटर?"

"मोटर नाही सापडली."

"मग?"

"मग काय, तपास चालू आहे. चौदा महिने झाले."

"आणि हणमंत?"

"तो आत आहे."

फकिराने सुई डोळ्यांजवळ धरून नवा दोरा ओवला. त्याला बराच वेळ लागला...

साहेब पुढे सरकले. "उद्या त्याच्या जामिनावर आदेश द्यायचाय. जामीन राहायला कोणी नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे, असा एक माणूस त्याला ओळखत नाही. वकील म्हणतो, जातमुचलक्यावर सोडा. म्हणजे त्याच्या स्वतःच्या शब्दावर! नवा कायदाही तेच म्हणतो. पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढून झाला असेल, तर सोडायचं. अर्थात लेखी कारण देऊन आतच ठेवताही येतं. आणि कारणं लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही."

"बँडवाले काय म्हणतात?"

"मास्तरने त्याची जागा या लगीनसराईपुरती राखून ठेवलीय. उद्या सुटला नाही, तर परवा दुसरा क्लॅरनेटवाला. मग सुटूनही माझा नवरा वाजवणार कुठे, असं त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते." साहेबांनी नजर वळवली. "मलाही सांगितलं."

"हं."

"पण बाबा, तीन वर्षांत माझ्या कोर्टातून एकही आरोपी पळालेला नाही. एकही!"

"सोडलेत किती?"

"तो मुद्दा नाही," साहेब म्हणाले.

एवढ्यात बाजूला कोंबडी ओरडली. बांबूचं एक डालगं जमिनीवर पालथं घातलेलं होतं आणि त्यावर फुटका पाटा ठेवला होता. ओरडणं आतून येत होतं.

"ही काय भानगड?"

"आरोपी," फकीर म्हणाला. "शेजारच्या इठाबाईंच्या ओल्या कुरडया खाल्ल्याचा आळ आहे."

"कधीपासून आत आहे?"

"आठ दिवस."

"आठ दिवस! चौकशी केलीत?"

"चालू आहे."

"दाणापाणी?"

"वेळच्या वेळी. सरकार देतं तसं."

"अंडी?"

"बंद."

साहेबांच्या आतला न्यायाधीश खडबडून जागा झाला. रविवार होता तरी. ते उठून उभे राहिले आणि अंगात काळा कोट नसतानाही त्यांनी तो नीट केला.

"बोलवा त्या बाईंना!"

इठाबाई आल्या. कुरडयांचा घाणा अर्धा टाकून आल्या होत्या. हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले आणि तोंड आधीच सुरू झालेलं.

"ह्याच मेलीनं खाल्ल्या! पाच ओळी गेल्या वो, पाच!"

"खाताना पाहिलीत?"

"बगाया कशाला पायजे? कुरडया गेल्या अन् ही तिथंच हुती की!"

"तिथे असणं म्हणजे खाणं नव्हे!" साहेब गरजले. चिंचेवरचे दोन पोपट उडाले. "तिथे कोणीही असू शकतं! तुम्हीही होतात!"

"म्या माज्याच कुरडया खाईन व्हय?"

"प्रश्नाला उत्तर द्या. वाळवणाच्या कपड्यावर चुरा पडला होता?"

"न्हाई. अख्ख्याच्या अख्ख्या गेल्या."

"अख्ख्या!" साहेबांनी विजयी मुद्रेने फकिराकडे पाहिलं. "कोंबडी टोचून खाते. चुरा करते, घाण करते. आणि वीतभर कुरडई तिच्या घशाखाली अख्खी उतरेलच कशी? ही पाच ओळी व्यवस्थित उचलून नेल्यात, बाई. याला हात लागतात. कोंबडीला हात असतात का?"

इठाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग डालग्याकडे. "न्हाईत," त्यांना कबूल करावं लागलं.

फकीर आभाळाकडे बघू लागला.

"पुरावा नाही, साक्षीदार नाही, मुद्देमाल नाही!" साहेबांचा आवाज चढला. त्यांना खरोखरच राग आला होता आणि त्या रागात ते चांगले दिसत होते. "नुसता आळ, आणि आठ दिवस अंधारात! काढा ते डालगं. आत्ताच्या आत्ता!"

फकिराने पाट्यावर हात ठेवला. उचलला मात्र नाही.

"पळून गेली तर, साहेब?"

"अहो, जाईल कुठे? तिचं खुराडं इथे, पिल्लं इथे, सगळा..."

साहेबांचं वाक्य तिथेच अडकलं.

इठाबाई चिकाचे हात तसेच धरून साहेबांकडे बघू लागल्या.

मग साहेबांनी स्वतःच वाकून पाटा बाजूला केला आणि डालगं उचललं. कोंबडी उजेडात डोळे मिचकावत उभी राहिली. तिने पंख झाडले, दोन पावलं चालली आणि साहेबांच्या बुटाजवळची माती उकरू लागली. पळाली वगैरे नाही.

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"पण मग कुरडया खाल्ल्या कोणी?"

"मी," फकीर म्हणाला.

इठाबाईंनी कपाळावर हात मारला. चीक कपाळाला लागला.

"तुम्ही?" साहेबांनी हातातलं डालगं खाली ठेवलं. "स्वतः खाल्ल्यात, आणि आठ दिवस हिला... का?"

फकिराने ठिगळाचा शेवटचा टाका घातला, दोरा तोडला.

"डालगं रिकामं होतं, साहेब. आणि ही हाताशी होती."