एकेचाळिसावी खुंटी

ज्या काळी निंबसरीच्या विहिरीवर एकच रहाट होता आणि त्या रहाटाच्या चाकांवर खिळे ठोकलेले झाकण होते, त्या काळची ही हकीकत आहे. तिला किती वर्षे झाली, हे कोणी नेमके सांगू शकत नाही. विहिरीजवळचा कातळ मात्र आजही जागेवर आहे; ज्याला शंका असेल त्याने तेथे जाऊन मोजावे.

निंबसरीची विहीर फार खोल होती. तिच्यात टाकलेल्या खड्याचा आवाज वर येईपर्यंत माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव घेऊन होत असे, असे म्हणतात. एवढ्या खोलातून दोराने पाणी ओढून गाव जगले नसते. म्हणून बैल गोल फिरत, झाकणाखाली काहीतरी कुरकुरत असे आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई. त्या पाण्यावर माणसे होती, जनावरे होती आणि गावाचा पानमळा होता. पानवेल ऐन उन्हाळ्यात आठवडाभर तहानली तर जाते, आणि गेलेला मळा पुन्हा उभा करायला वर्षे लागतात.

रहाट बांधला होता पेठेतल्या कोंडाजी मिस्त्रींच्या घराण्याने. पंचक्रोशीतले सगळेच रहाट त्यांचे. झाकणाखाली काय असते, हे त्या घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हते. झाकण उघडले तर विहीर आटते, एवढेच प्रत्येक गावाला सांगितलेले होते आणि प्रत्येक गावाने ते मानलेले होते.

एका चैत्रात निंबसरीचा रहाट कडाडून थांबला. पेठेत माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. मिस्त्री दूरच्या मुलखात कामावर गेले होते आणि महिन्याशिवाय परतणार नव्हते.

गावात लिंबाजी नावाचा सुतार होता. त्याची दृष्टी गेली होती, पण लाकडावर टिचकी मारून तो झाडाचे वय सांगे, असे म्हणतात. त्याची हत्यारे आता त्याची मुलगी भिवरा चालवत असे. सगळे गाव विहिरीभोवती जमले, तेव्हा ती पटाशी आणि हातोडी घेऊनच आली.

"झाकण काढते," ती म्हणाली.

हणमंत पाटील पुढे झाले. "आणि विहीर आटली म्हणजे?"

"पाटील, भरलेली आहे तरी आपल्याला कुठं प्यायला मिळतंय?"

पाटील बाजूला झाले. लोक चाळीस पावले मागे सरले. भिवरेने एकेक खिळा उपटला आणि झाकण बाजूला ठेवले. आत दोन लाकडी चाके होती. एक मोठे, आडवे. त्याच्या कडेने चाळीस खुंट्या. दुसरे लहान, उभे. त्याला वीस खुंट्या. बैल आडवे चाक फिरवत, त्याच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांना ढकलत आणि गाडगी वर येत. याखेरीज तेथे फक्त एक पाल होती.

"एवढंच?" मागून कोणीतरी विचारले.

"एवढंच," भिवरा म्हणाली. "जवळ येऊन बघा. पाल चावत नाही."

मोठ्या चाकाच्या दोन खुंट्या मुळापासून मोडल्या होत्या. भिवरेने बाभळीच्या दोन नव्या घडवून बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी वर आले. विहीर आटली नाही. उलट पाणी हातभर चढले, असे म्हणतात.

झाकण तिने पुन्हा ठोकले नाही. विहिरीजवळच्या कातळावर तिने दोन्ही चाके खऱ्या मापाने, खुंटीन् खुंटी कोरली. ज्याला रहाट हवा असेल त्याने दोरी आणावी, माप घ्यावे आणि करावा. कोणी कोणाची महिनाभर वाट पाहू नये, असे तिने सांगून टाकले. तो कातळ तिच्या छिन्नीखाली भिजवलेल्या पिठासारखा मऊ झाला, असे म्हणतात. लिंबाजी मात्र म्हणत असे, "कातळ काही मऊ झाला नाही. माझ्या सहा छिन्न्या बोथट झाल्या."

माप घ्यायला पहिली आली ती नदीपलीकडच्या वडझरीची गोजरा. तिच्या गावी रहाटच नव्हता. दोरीने तिने मोठ्या चाकाचा घेर घेतला आणि दोन खुंट्यांमधले अंतर मोजले ते आपल्या चार बोटांनी. तिकडे चाक बांधतानाही तिने तीच चार बोटे वापरली. बोटे बारीक होती आणि मोजताना कधी घट्ट मिटत, कधी सैल सुटत. घेर पुरा होता होता एका खुंटीपुरती जागा उरली. रिकामी जागा बरी दिसेना, म्हणून तिने तेथेही एक खुंटी ठोकली. वडझरीच्या मोठ्या चाकाला एकेचाळीस खुंट्या झाल्या; लहानाच्या वीसच राहिल्या.

निंबसरीत हसू पसरले. हाताची बोटे मोजताना वडझरीकर अकरावर थांबतात, असे लोक एकमेकांना सांगू लागले.

पण हसू फार दिवस टिकले नाही. निंबसरीच्या खुंट्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोडल्या. माघात तिसऱ्यांदा मोडल्या. दर वेळी दोनच, आणि दर वेळी त्याच दोन, चाकाच्या समोरासमोरच्या. झाकणाचा कोप आता हळूहळू उगवतो आहे, असे लोक पाणवठ्यावर बोलू लागले. शेवटी पाटलांनी भिवरेला बोलावले.

"भिवरे, आणखी एकदा मोडल्या तर मी गावाला थोपवू शकणार नाही. झाकण परत ठोकायचं, कातळ खरवडून काढायचा, मिस्त्रींची माफी मागायची. आणि तू पुन्हा रहाटाला हात लावायचा नाहीस."

"बरं," भिवरा म्हणाली. "मोडायच्या आत मला एक गोष्ट बघू द्या."

तिने ओले कुंकू घेतले आणि उभ्या चाकाच्या एका खुंटीला माखले. ही खुंटी गाठीच्या लाकडाची, सर्वांत कठीण होती. मग बैल फिरवले. कुंकू वाळत आले की ती पुन्हा लावी. दिवस कलला तेव्हा मोठ्या चाकाच्या चाळीस खुंट्यांपैकी फक्त दोनच लाल झाल्या होत्या. वारंवार मोडणाऱ्या त्याच दोन. चाळिसात वीस दोन वेळा नेमके बसतात. म्हणून ती कठीण खुंटी जन्मभर त्या दोघींनाच मारत होती, आणि बाकीच्या अडतीस सुखात होत्या. गाठीची खुंटी बदलून भागले नसते; उरलेल्यांपैकी कोणती तरी सर्वांत कठीण ठरणारच होती.

दुसऱ्या दिवशी भिवरा नदी उतरून वडझरीला गेली.

"तुझ्या किती मोडल्या?" तिने गोजराला विचारले.

"एकही नाही. हसायला आलीस की मोजायला?"

"मोजायला."

"मग बस. ताक देते. हसणाऱ्यांना आम्ही ताक देत नाही."

भिवरेने तेथेही उभ्या चाकाच्या एका खुंटीला कुंकू लावले. त्या चाकाच्या पहिल्या फेऱ्यात मोठ्या चाकाची एक खुंटी लाल झाली, पुढच्यात दुसरीच, त्यापुढे तिसरी. एका जास्तीच्या खुंटीमुळे प्रत्येक वेळी गाठ नव्या खुंटीशी पडत होती. मार सगळ्यांत वाटला जात होता. ऊन उतरायच्या आत एकेचाळीसही खुंट्या लाल झाल्या. हातातले ताक तसेच राहिले, असे म्हणतात.

"गोजरा, ही चूक मला देशील?"

"घेऊन जा," गोजरा म्हणाली. "आमच्याकडे ती आहेच."

भिवरेने दोन दिवसांची मुदत मागून घेतली. ते दोन दिवस प्रत्येक घराने एकेका घागरीवर काढले आणि पाटलांनी स्वतः दोराने ओढलेले पाणी खांद्यावरून नेऊन पानमळ्याला घातले. चाकाला एकेचाळीस खुंट्या बसल्या, बैल जुंपले आणि नेमके त्याच वेळी कोंडाजी मिस्त्री गावात शिरले. झाकण उघडल्याची वार्ता त्यांना सांगायला इतके महिने कोणी धजले नव्हते; ती अखेर पोहोचली होती.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी उघडी चाके पाहिली. कातळ पाहिला. मग ते वाकून चाकाच्या कडेने बोट फिरवत मोजू लागले.

"ही जास्तीची खुंटी कुणी घातली?"

"चूक झाली, मिस्त्री," पाटील घाईने म्हणाले. "पोर आहे."

"चूक वडझरीच्या गोजराची आहे," भिवरा म्हणाली. "मी मागून आणली." आणि तिने कुंकवाची वाटी पुढे केली.

एकेचाळीस खुंट्या लाल होईपर्यंत मिस्त्री उन्हात उभे राहिले. मग खाली बसले.

"त्या दोन खुंट्या माझ्या आज्याच्या वेळेपासून मोडतायत," ते म्हणाले. "प्रत्येक गावात त्याच दोन. मी जन्मभर त्या बदलत फिरलो, पोरी. का मोडतात, हे विचारायचं कुणाला? विचारायचं तर चारचौघांत झाकण काढावं लागलं असतं."

थोड्या वेळाने ते उठले, त्यांनी आपल्या घराण्याचे ते झाकण स्वतः उचलले आणि विहिरीच्या कडेला चिखलात पालथे घातले, म्हणजे पाणी भरणाऱ्या बायांचे पाय घसरू नयेत. ती फळी पुढे शंभर पावसाळे कुजली नाही, असे म्हणतात.

कातळावर चाळीस खुंट्यांचे चाक होतेच. ते कोणी पुसले नाही. त्यातल्या मोडणाऱ्या दोन खुंट्यांवर भिवरेने फुल्या मारल्या आणि शेजारी एकेचाळीस खुंट्यांचे दुसरे चाक कोरले. शेवटची खुंटी कोरायला तिने वडझरीहून गोजराला बोलावून घेतले.

भिवरा केव्हा गेली, याची नोंद नाही. कोणी म्हणतात, ती गेलीच नाही. जेथे नवे यंत्र पहिल्यांदा फिरते तेथे आत एकदा टक् असा आवाज होतो, ती तिची टिचकी असते.

आज निंबसरीच्या विहिरीवर विजेचा पंप आहे. तरीही दर चैत्रात, रहाट थांबला त्या तिथीला, गावात उघडणी असते. त्या दिवशी पंपाचे, मळणीयंत्राचे, पेरणीयंत्राचे, घरी जुळवलेल्या तेलघाण्याचे झाकण काढून सगळे कातळावर मांडतात. नदीपलीकडून, डोंगरापलीकडून माणसे येतात, मापे घेतात, फोटो काढतात. त्यांना कोणी अडवत नाही. नियम एकच आहे: ज्याने यंत्र आणले त्याने ते कोठे बिघडले, हे आधी सांगायचे आणि कसे चालते, हे नंतर.

सगळ्यांत शेवटी भिवरेच्या नावाने एकेचाळिसाव्या खुंटीला कुंकू लावतात. पण कातळावरचे चाक गोल आहे. गोजराने कोरलेली खुंटी नेमकी कोणती, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. वडझरीकर एक दाखवतात, पाटलांच्या घरचे दुसरी, सुतारांच्या घरचे तिसरी. लहान मुले आपल्या हाताला येईल ती धरतात. त्यावर आजवर भांडण झालेले नाही. प्रत्येक जण आपल्याला वाटेल त्या खुंटीला बोट लावतो, आणि दिवस कलायच्या आत एकेचाळीसही खुंट्या लाल झालेल्या असतात.