साथ येण्याआधीचे धडे

फार जुन्या काळी नदीकाठच्या एका नगरीत एक वैद्यीणबाई राहत होत्या. त्या वर्षी पलीकडच्या मुलखात तापाची साथ पसरली आणि एकेक गाव गिळत नगरीकडे सरकू लागली. राजाने बाईंना सांगितलं, "साथ येण्याआधी रोग्यांची सेवा करणारी माणसं तयार करा."

शिकायला आले ते विणकर, कुंभार, मेंढपाळ. वेळ कमी म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी पोथी उघडली आणि लक्षणं, काढे, पथ्यं, सगळं भराभर सांगून टाकलं. "काय कळलं?" म्हणून विचारलं, तर कुणी एका रोगाचं पथ्य दुसऱ्याला लावलं, कुणी काढ्याचं नावच विसरलं.

संध्याकाळी कोंडाई नावाची विणकरीण गाठोडं उचलून घरी निघाली. बाईंनी तिला वेशीवर गाठलं.

"का गं, निघालीस?"

"पुढचं ऐकते तोवर मागचं निसटतं, बाई. माझ्या हातून कुणी दगावलं तर?"

बाईंना उमगलं: कोंडाईच्या डोक्यात खोट नव्हती. चूक आपल्या शिकवण्याची होती.

"उद्या एकच गोष्ट शिक. मग जायचं तर जा."

दुसऱ्या दिवशी पोथी बंदच राहिली. कपाळाला हात लावून ताप ओळखायचा, एवढंच काम. सगळ्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत कपाळं चाचपली. ते जमल्यावर आजाऱ्याला घोट घोट पाणी पाजणं. मग ओल्या फडक्याने अंग पुसणं. मग एकच काढा. बिघडला की पुन्हा. कोंडाई राहिली.

राजाचे प्रधानजी मात्र भडकले. "साथ पैलतीराला आली, आणि तुम्ही पाणी पाजायला शिकवताय?"

बाईंनी नदीपलीकडे पाहिलं. पैलतीरावर चितांचा धूर दिसत होता. पोथी पुन्हा उघडावी, सगळं एकदम सांगून मोकळं व्हावं, असं वाटून त्यांचा हात पुढेही गेला. समोर कोंडाई काढा उकळत होती, कुणालाही न विचारता. बाईंनी हात मागे घेतला.

अर्धं शिकवायचं राहिलं आणि साथ आली. घरोघरी माणसं तापाने फणफणली. बाई धावत होत्या, तेवढ्यात कोंडाईचा निरोप आला. कुंभारवाड्यात एक लहान पोर तापात बरळत होतं, आई हंबरडा फोडत होती.

"काय केलंस?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"अंग पुसलं, पाणी चाललंय, काढा दिला. तरी ताप उतरेना. पुढचं मला येत नाही, म्हणून बोलावलं."

"मग आता नीट बघ," म्हणत बाई पोराजवळ बसल्या आणि त्यांनी जोराच्या तापावरचा दुसरा काढा करून दाखवला. कोंडाईने तिथंच पुढचा धडा घेतला आणि शेजारच्या घरात जाऊन तसाच वापरला.

दुपारी पोराने डोळे उघडून खायला मागितलं. सगळेच काही वाचले नाहीत. पण नगरीत एकही आजारी माणूस सेवेवाचून पडून राहिला नाही. साथ ओसरल्यावर प्रधानजी स्वतः बाईंच्या दारी आले आणि म्हणाले, "वर्ग बंद करू नका."

तात्पर्य एवढंच: विद्या डोंगराएवढी असली आणि वेळ थोडा असला, तरी शिकणाऱ्याला पेलेल तेवढीच द्यावी; ती हातात मुरली की पुढची द्यावी.