रुमालाखालचा भाव

हळदीच्या एका जुन्या पेठेत एकदा एक वृद्ध अडत्या राहत असे. नाव भूपाल, पण सारी पेठ त्यांना तात्या म्हणे. तात्यांच्या तरुणपणी त्या पेठेत भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात देत, वरून एक रुमाल टाकत आणि बोटे दाबून सौदा करत. एक बोट धरले की शंभर, सारा पंजा धरला की पाचशे. भाव परवडेनासा झाला की हात काढून घ्यायचा, सौदा मोडला. पुढे लिलाव उघड्यावर होऊ लागले आणि रुमाल गेले. तात्यांनी अडत मुलाच्या हाती सोपवली व आपण शेअर बाजारात लक्ष घातले. हाव नव्हती, त्यामुळे चार पैसे गाठीला राहिले. आणि ज्याच्या गाठीला चार पैसे राहतात त्याच्या ओसरीवर सल्ला मागणाऱ्यांची वर्दळ सुरू होते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवे?

अशाच वर्दळीतून श्रेणिक नावाचा एक तरुण त्यांच्याकडे आला. सूतगिरणीत नोकरीला होता. बुद्धीने तल्लख, वृत्तीने नम्र. सुट्टीच्या दिवशी सकाळी येई, तात्यांच्या पायाशी बसे आणि एकेक संज्ञा समजावून घेई. तात्याही हौसेने शिकवत. "स्टॉप लॉस म्हणजे काय, तर घेतानाच ठरवून टाकायचं, इतका पडला की विकून मोकळं व्हायचं. आमच्या रुमालाखालून हात काढून घेतात ना, तसंच की. करेक्शन म्हणजे फार चढलेला भाव थोडा खाली येऊन दम घेतो ते. अ‍ॅव्हरेज करणं म्हणजे पडल्या भावात आणखी घेऊन आपला खरेदीचा भाव खाली आणायचा. आणि लाँग टर्म म्हणजे कंपनी चांगली बघून वर्षानुवर्षं ठेवायची, रोज उठून भाव बघत बसायचं नाही."

श्रेणिकला हे शब्द फार आवडले. का आवडू नयेत? नवा शब्द तोंडात बसला की माणसाला वाटते, ती गोष्टही आपल्या मुठीत आली. मला विचाराल तर निम्मा घोटाळा इथेच होतो.

श्रेणिकला एक थोरली बहीण होती, कुमुदअक्का. नवरा अकाली गेलेला. त्याच्या विम्याची रक्कम तिने मुलीच्या, स्नेहलच्या, नर्सिंगच्या शिक्षणासाठी जपून ठेवली होती. पावसाळ्यात प्रवेश घ्यायचा होता. चैत्रात अक्काच भावाला म्हणाली, "बँकेत नुसते पडून आहेत रे. तुला त्यातलं कळतं. बघ काय होतंय का." श्रेणिकच्या मनात पाप नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचा हिशेब साधा होता. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर चढत होता. आठवडाभर ठेवायचा, विकायचा, फीचे पैसे अक्काला परत द्यायचे आणि वरच्या नफ्यात भाचीच्या वसतिगृहाची सोय लावायची. त्याने सगळी रक्कम त्यात घातली. स्टॉप लॉसही लावला, गुरूने शिकवला होता तसा. आठवड्यासाठी पंपाचा शेअर घेतल्याचे तात्यांना सांगितलेही, पैसे कुणाचे ते मात्र नाही.

शेअर पडू लागला.

ठरवलेला भाव समोर दिसू लागला तेव्हा श्रेणिकने स्टॉप लॉस जरा खाली सरकवला. थोडा आणखी पडला, आणखी सरकवला. मग काढूनच टाकला. स्वतःला म्हणाला, करेक्शन आहे, उगाच घाबरून कशाला विकायचे? मे महिन्यात भाव निम्म्यावर आला. त्या दिवशी विकले असते तर काय झाले असते, ते पुढे कळेल. पण त्याने विकले नाही. उलट स्वतःची जी काही शिल्लक होती तीही त्यात ओतली आणि म्हणाला, अ‍ॅव्हरेज केले. भाव तिथूनही घसरला. तेव्हा एके सकाळी चहा पिता पिता त्याने मनाशी ठरवून टाकले की हा शेअर आपण लाँग टर्मसाठी घेतला आहे. आठवड्यासाठी घेतलेला शेअर एका कप चहात वर्षानुवर्षांचा झाला! ही चूक, मंडळी, बाजाराबाहेरचा माणूस करणार नाही. सडलेला आंबा कोणी लोणच्यासाठी घेतला होता असे म्हणत नाही.

यात सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की तात्या त्याला दर खेपेला विचारत, "कसं चाललंय रे?" आणि श्रेणिक म्हणे, "करेक्शन आहे तात्या." पुढे म्हणे, "अ‍ॅव्हरेज केलंय." त्याही पुढे, "लाँग टर्म ठेवलंय." आपलेच शब्द शिष्याच्या तोंडून ऐकून म्हाताऱ्याला बरे वाटे. पोरगं तयार झालं, असे म्हणून ते मान डोलवत. त्या शब्दांमागे काय चालले आहे, ते वाकून बघावे असे त्यांच्या मनात आले नाही.

दसऱ्याच्या सुमारास अक्का हळद घ्यायला तात्यांच्या अडतीवर आली. ओसरीवर टेकली. तात्यांनी सहज विचारले, "स्नेहलचं कॉलेज कसं काय?"

"यंदा नाही घातलं," अक्का म्हणाली. "पैसे लाँग टर्ममध्ये आहेत ना. श्रेणिक म्हणाला, आत्ता काढले तर नुकसान आहे. कॉलेजातला कारकून विचारत होता, फी का भरत नाही म्हणून. त्यालाही सांगितलं मी, पैसे लाँग टर्ममध्ये आहेत, पुढच्या वर्षी बघू." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. भाऊ शिकलेला आहे, आपले पैसे कुठेतरी मोठ्या ठिकाणी आहेत, असा. "तोवर कापडाच्या दुकानात लागलीय ती. रिकामी बसण्यापेक्षा बरं की."

तात्यांनी हळद तोलून दिली. तिला खरे काय ते सांगणे त्यांचे काम नव्हते, श्रेणिकचे होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी श्रेणिकला बोलावून घेतले. तो आला तेव्हा तात्या ओसरीवर एक जुना, हळदीने पिवळा पडलेला रुमाल मांडीवर घेऊन बसले होते. "बस," म्हणाले. "हात दे." श्रेणिकने हात पुढे केला. तात्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि वरून रुमाल टाकला.

"हे काय तात्या?"

"तोंड उघडायचं नाही. फक्त बोटं. सांग, कुठल्या भावाला घेतलास तो पंपाचा शेअर?"

श्रेणिकला गंमत वाटली. त्याने तात्यांचा सारा पंजा धरला. पाचशे.

"आता आजचा भाव सांग."

रुमालाखाली काहीच हालचाल झाली नाही. तात्या थांबले. अडतीवर हमाल पोती उतरवत होते, त्यांचे ओरडणे ऐकू येत होते. श्रेणिक म्हणाला, "पण तात्या, कंपनी चांगली आहे, लाँग टर्ममध्ये..."

"गप! रुमालाखाली बोलत नाहीत."

मग श्रेणिकने तात्यांचे एक बोट धरले. नुसते एक. आणि ते धरल्याबरोबर त्याला रडू फुटले. गेले कित्येक महिने रोज मोबाईलवर तो घसरता आकडा बघत होता, पण आपल्या हाताने तो कधी कुणाला दिला नव्हता. तात्यांनी रुमाल काढला नाही. त्याखालीच त्याचा हात धरून ठेवला.

"लोक म्हणतात, शेजारच्याला भाव कळू नये म्हणून आम्ही रुमाल टाकायचो," ते म्हणाले. "तेही खरंच. पण माझ्या मालकांनी मला वेगळं सांगितलं होतं. ते म्हणायचे, तोंडाला शंभर सबबी येतात, बोटाला नुसता आकडा येतो. तू आठवड्यासाठी घेतलास. पडल्यावर त्याला दुसरं नाव दिलंस, आणखी पडल्यावर तिसरं. भाव थांबला का त्यानं? नाही. फक्त तुझी कबुली लांबली. आणि बाळ, चूक तुझ्या एकट्याची नाही. शब्द मी दिले होते. तू तेच मला परत करत होतास आणि मी खूश होत होतो. एकदा तरी विचारायला हवं होतं मी, की बाबा रे, हे पैसे कुणाचे आहेत?"

श्रेणिकने डोळे पुसले. मग म्हणाला, "आता काय करू? विकून टाकू?"

"त्याचं उद्या बघू. आज अक्काकडे जा. बाजारातला एकही शब्द तोंडातून काढू नकोस."

श्रेणिक गेला. अक्का पोळ्या लाटत होती. स्नेहल नुकतीच दुकानातून आलेली, दिवसभर उभी राहून सुजलेले पाय पाण्यात घालून बसली होती. "ये की, जेवूनच जा," अक्का म्हणाली. तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला. तोंडाशी एकेक शब्द येई आणि तो गिळून टाकी. शेवटी त्याला कळले की बाजाराचे सगळे शब्द काढून टाकले तर आपल्यापाशी सांगायला अगदी थोडेच उरते.

"अक्का, तुझे पैसे बुडाले. पाचातला एक भाग राहिलाय. चूक माझी आहे."

लाटणे थांबले. तव्यावरची पोळी करपू लागली तशी स्नेहलने ओल्या पायांनीच उठून गॅस बंद केला. अक्का ओरडेल, शिव्या देईल, अशी त्याची अपेक्षा होती. तसे झाले असते तर बरे झाले असते, असे तो पुढे आयुष्यभर म्हणत असे.

"कधी बुडाले?" तिने विचारले.

"हळूहळू. मे महिन्यात निम्मे होते."

"मे महिन्यात निम्मे होते?" अक्काने ते दोनदा म्हटले. मग मुलीकडे बघितले. "अरे, निम्म्यात पहिल्या वर्षाची फी भरून झाली असती. पुढचं मी शिवणकाम करून बघितलं असतं. तू मला सांगितलं का नाहीस रे? मला वाटलं, एवढे मोठे मोठे शब्द आहेत म्हणजे पैसेही सुखरूप असतील."

श्रेणिक उंबऱ्यावरूनच माघारी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेअर विकले आणि उरलेले पैसे आणून अक्काच्या हातात ठेवले. तिने ते घेतले, मोजले नाहीत. त्या रात्रीची भाजी तिने त्याला डब्यात भरून दिली, त्याची आवडती, वांग्याची. तो डबा हातात घेऊन तो रस्त्यात कितीतरी वेळ उभा होता. स्नेहलने पुढल्या वर्षी फॉर्म भरला नाही. म्हणाली, आता दुकानात जम बसलाय. ते खरे होते की मामाला बरे वाटावे म्हणून म्हणाली, हे तिने कधी सांगितले नाही आणि त्याला विचारण्याचा धीर झाला नाही.

तात्यांकडे त्यानंतरही शिकणारे येत. कोणी पहिल्याच दिवशी विचारी, "तात्या, लाँग टर्म म्हणजे काय हो?" तात्या मांडीवरचा पिवळा रुमाल चाचपत आणि म्हणत, "सांगतो. पण आधी हे पैसे कुणाचे, आणि त्याला ते कधी लागणार, ते सांग."

तुमच्याही मोबाईलमध्ये असा एखादा शेअर असेल, ज्याचे नाव तुम्ही तीनदा बदलले आहे. मी तुम्हाला विका म्हणत नाही आणि ठेवा म्हणत नाही. फक्त आज घरी गेल्यावर, ज्याचे ते पैसे आहेत त्याच्याजवळ बसून साध्या शब्दांत सांगा, निम्मे शिल्लक आहेत तोवर.