झाकलेली गाठ

"आणि पुढे?" उपळेकर सरांनी विचारलं.

"पुढे काय, सर? स्वादुपिंडात गाठ आहे. कॅन्सर. उद्या सकाळी ऑपरेशन."

मी तेव्हा मिरजेला एक्स-रे विभागात शिकत होतो. विद्यापीठात पहिला आलेलो, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. सर निवृत्तीला टेकलेले. स्कॅनच्या फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून बघायचो आम्ही. त्या पेटीची ती बारीक घरघर... काय दिवस होते! आजही एखाद्या दुपारी आठवतात.

फिल्म बापू चौगुल्यांची होती. एसटीत कंडक्टर, वय बावन्न. माझ्या रिपोर्टावर उद्या त्यांचं स्वादुपिंड, आतडं, बरंच काही कापलं जाणार होतं.

सर उठले आणि त्यांनी फिल्मवरच्या गाठीवर तळवा ठेवला.

"आता सांग."

"सर, गाठ तर तुम्हीच झाकलीत!"

"गाठ झाकली. बाकी माणूस उघडाच आहे की."

मला रागच आला. म्हातारा चेष्टा करतोय, असं वाटलं. तरी बघायला लागलो...

दोन्ही मूत्रपिंडांत डाग. मोठ्या धमनीची भिंत जाड, सुजलेली.

"हे काल दिसलं नव्हतं?"

"डाग दिसले होते, सर... पण लिहिले नाहीत."

"का?"

"गाठ सापडली होती ना..."

सरांनी तळवा हलवला नाही. मी पुन्हा फिल्मकडे वळलो.

एकदम इतक्या अवयवांना सूज! शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली की असं होतं, हे मी घोकलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. म्हणजे ती गाठही कॅन्सर नसून तीच सूज असू शकते!

"सर, सर्जनना फोन करा ना लवकर."

"रिपोर्ट कुणाचा? तूच कर."

केला. नाही नाही ते ऐकून घेतलं. ऑपरेशन थांबलं. सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर नव्हताच. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांनी नवा स्कॅन काढला, तर गाठ गायब, मूत्रपिंडंही जवळजवळ स्वच्छ.

"डॉक्टर, तुमच्यामुळं वाचलो बघा!" म्हणत बापूंनी मला मिठीच मारली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तसाच सरांकडे गेलो आणि पाय धरले.

"सर, ही नजर तुम्हाला कुणी दिली? तुमचे गुरू कोण? परदेशातलं कुणी मोठं असणार..."

सर चष्मा पुसत राहिले.

"नाही रे. वाईचे एक सोनार होते, शंकरराव कुलथे. ऑपरेशनच्या टेबलावरच गेले... रिपोर्ट माझा होता."