सात घाटांची एक नाव

पूर्वी वेत्रवती नदीकाठच्या अरिष्टपुरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. दोघे बालमित्र. राजाचा अमात्यावर फार जीव होता.

पैलतीरीच्या गावांसाठी सात घाटांवर सात नव्या नावा ठेवायच्या, असे राजाने ठरवले. कोशातून धन देऊन पुंडरिक नावाच्या व्यापाऱ्याला त्याचा मक्ता दिला. प्रत्येक नाव पाहून तिच्या दाखल्याच्या ताडपत्रावर मुद्रा उमटवायचे काम बोधिसत्त्वाकडे होते. तो रोज एक घाट पाही. पुंडरिक त्याला तिथेच आग्रहाने जेवू घाली, आणि बोधिसत्त्व झाला तरी खिरीपुढे त्याचे काही चालत नसे. तो जेवून पडला की तीच नाव पुढच्या घाटावर जाई. सातही घाटांवर नावेच्या पुढच्या फळीला भाजल्याचा डाग दिसला. ती सुताराची खूण असावी, असे त्या शहाण्याला वाटले.

उरलेल्या सहा घाटांवर मग जुन्या, किडक्या नावा रंगवून आल्या. चौथ्या घाटाची नाव भर नदीत फुटली. नावाडी भद्रकाने पोहून पोहून सगळी माणसे काठाला आणली. एका कुंभारणीचा बैल मात्र गेला. घाट बंद पडले. पुंडरिकाने हात वर केले. अमात्याची मुद्रा होती म्हणजे नाव चांगलीच होती, भद्रकानेच माणसे कोंबली, असे तो म्हणाला. राजालाही ते पटले. भद्रकाला बायकापोरांसह हद्दपार करायचे ठरले.

हे ऐकून बोधिसत्त्व एकाच दिवसात सातही घाट फिरला. डागाची नाव एकच निघाली. लाजेने त्याला घास गिळवेना. त्याने सगळे राजाला सांगितले.

"मित्रा, हे आपल्या दोघांतच राहू दे," राजा म्हणाला. "भद्रकाला वर्षाने परत बोलावून घेऊ."

राजा मायेपोटी बोलतो आहे, हे बोधिसत्त्वाला कळत होते. तरी दुसऱ्या दिवशी तो भर सभेत उठला.

"महाराज, नाव फुटली ती पुंडरिकाच्या लोभाने. पण लोक तिच्यात बसले ते माझ्या मुद्रेच्या भरवशावर. भद्रकाने तर त्यांना वाचवले. त्याला घालवायचे तर आधी मला घालवा."

भद्रक सुटला. पुंडरिकाने आपल्या वखारीतल्या लाकडाच्या सहा नावा बांधून द्याव्यात, असा हुकूम झाला. अमात्याला काय शिक्षा द्यावी, हे मात्र राजाला सुचेना. तेव्हा बोधिसत्त्वच म्हणाला, "मी पैलतीरावर राहायला जातो. रोज सभेला नावेनेच येईन."

राजा घाईने म्हणाला, "अरे, तुला पोहता येत नाही."

"म्हणून तर, महाराज."

त्यानंतर बोधिसत्त्व हयात असेपर्यंत वेत्रवतीवर एकही नाव फुटली नाही. त्याची नाव काठाला लागेपर्यंत राजा मात्र रोज गवाक्षातून हलत नसे.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा भद्रक म्हणजे आज विहारात पाणी भरणारा हा भिक्षू. माझ्या काळजीने कासावीस होणारा राजा म्हणजे माझा हा शिष्य आनंद. त्याची ती खोड अजून गेलेली नाही. आणि खिरीला भुललेला अमात्य मीच." पुंडरिक कोण, हे त्यांनी सांगितले नाही. आपली चूक आपल्याच तोंडाने सांगणे आणि ती दुसऱ्याच्या माथी जाऊ न देणे, हीच सत्यपारमिता होय.