बिबट्याची नवी हाळी

माणसाचं पाऊल अजून त्या रानात पडलं नव्हतं, तेव्हा तिथल्या साऱ्या जनावरांची धोक्याची भाषा एकच होती आणि ती टिटवी सांभाळायची. हाळी बदलायची तर ती आधी तीन सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची, मगच वापरायची, असा रिवाज होता. पण कोतवाल पक्षी दर वेळी चुका काढी, त्यामुळे टिटवीला त्या सकाळींची धास्तीच बसली होती. बिबट्या आल्याची लांबलचक हाळी देताना तिला धाप लागे, म्हणून या खेपेला तिने ती गुपचूप आखूड करून टाकली.

त्याच संध्याकाळी पाणवठ्याजवळचं गवत हललं. टिटवीला ठिपके दिसले. तिने जीव तोडून नवी हाळी दिली. हरणांनी माना वर केल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं. तिने परत हाळी दिली, तरी कुणी हलेना. बिबट्या अंग चोरून पुढे सरकत होता, आणि भीतीने टिटवीला जुनी हाळी आठवेना.

इतक्यात वरच्या फांदीवरून तीच जुनी हाळी घुमली. हरणं उधळली. बिबट्याचा पंजा नुसत्या चिखलात पडला.

"टिटवीताई, नवी हाळी आम्हाला सांगितलीस कुठे?" कोतवाल वरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर टिटवीने सगळ्यांसमोर नवी हाळी दिली. मग ती कोतवालाकडे वळली.

"हं," ती म्हणाली, "काढ चुका."