नावाड्याची हूल

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये नदीकाठच्या एका गावी सायलस नावाचा नावाडी राहत असे. तेव्हा नावाडी पैजा लावून होड्यांच्या शर्यती खेळत आणि त्या पाहायला दोन्ही काठांवर जत्रा लोटे. सायलस कित्येक वर्षं हरला नव्हता. दंडात ताकद होतीच, पण डोक्यात एक खोडही होती.

शर्यतीची रीत अशी होती. दोघांनी होड्या शेजारी लावायच्या आणि एकमेकांच्या संमतीने निघायचं. दोघांनी एकदम वल्ही बुडवून ओढली की पंच झेंडा खाली करी. एकटाच निघाला, तर त्याने मुकाट परत यायचं. सायलस नुसते खांदे पुढे टाकून हूल देई. समोरचा सुसाट सुटे, परत येई, पुन्हा सुटे. बिचाऱ्याचा निम्मा जीव तिथेच जाई. मग सायलस निवांत निघे आणि जिंके. नियमात बसणारी लबाडी होती, एवढंच.

एकदा त्याच घाटावरच्या एबेल नावाच्या तरुण नावाड्याशी त्याची गाठ पडली. हरेल त्याने घाट सोडायचा, अशी पैज ठरली. एबेलचं सगळं घर त्या घाटावर चालत होतं.

सायलसने खांदे टाकले. एबेल सुटला, परत आला. पुन्हा सुटला, पुन्हा आला. लोक हसू लागले. एबेल घामाघूम झाला होता.

"दमलास का रे पोरा? घरी जायचं तर जा," सायलस म्हणाला.

ओठांवर आलेली शिवी एबेलने गिळली. आपल्याला सायलस नाही, आपलाच उतावळेपणा दमवतोय, हे त्याला उमगलं.

"तुमचं होऊ द्या सावकाश," तो म्हणाला, आणि त्याने सायलसच्या खांद्यांवरची नजर काढून त्याच्या वल्ह्यांवर ठेवली.

सायलसने हूल दिली. एबेल हलला नाही. सायलसने वल्ही पाण्याला टेकवली. तरी एबेल हलला नाही. आता लोक सायलसला हसू लागले, आणि ते त्याला फार झोंबलं. हूल खरी वाटावी म्हणून त्याने वल्ही खोल बुडवली आणि चक्क ओढली. त्याच क्षणी एबेलनेही ओढली. मागच्या होडीतल्या पंचाने झेंडा खाली केला.

सायलस मात्र थांबला होता. मान वळवून तो पुढे गेलेल्या एबेलची फजिती पाहत होता.

"ये, ये परत," तो हसत म्हणाला.

एबेल आला नाही. सायलसने मान पुन्हा पंचाकडे वळवली, तेव्हा कुठे त्याला खाली आलेला झेंडा दिसला.

मग तो जिवाच्या आकांताने सुटला. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे एबेलला ती होडी जवळ जवळ येताना दिसत होती. त्याची छाती फुटायला आली, हात शिशासारखे जड झाले. शर्यत जिथे संपायची, त्या पुलाखाली दोन्ही होड्या जवळजवळ एकदमच शिरल्या. एबेलची हातभर पुढे होती.

दुसऱ्या दिवशी सायलसने घाट सोडला. त्याने कुणाशी वाद घातला नाही. घालणार तरी काय? शर्यत त्यानेच सुरू केली होती.

तात्पर्य: उतावळ्याला कुणीही फसवतं, पण जो धीर धरतो, त्याच्यापुढे लबाडाची लबाडी लबाडालाच नडते.